बाण सांगेल तो रस्ता

तो बाण लावताना मर्विन टॉलहर्स्टच्या मनात गावाचं भलं करण्यापलीकडे काहीही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावाचं भलं करायला निघालेल्या माणसाच्या हातून गावाचं काय होतं, हा अनुभव जगात सगळीकडे सारखाच आहे. श्रॉपशरमधल्या विस्टनबरीला तो त्या वसंतात आला, इतकंच.

मर्विन पाणीपुरवठा कंपनीतून नुकताच निवृत्त झाला होता. जन्मभर त्याने जमिनीखालच्या नळांची गळती शोधली. आता ते काम सुटलं, आणि जमिनीखाली जायचा दुसरा मार्ग तर अजून बराच लांब होता. तेव्हा त्याने घरातली गळती शोधायला सुरुवात केली. जॅमच्या बरण्या तारखेप्रमाणे ओळीने लावल्या. दोन कप चहासाठी किटलीत किती पाणी उगाच उकळलं जातं, यावर तो जेवताना बोलला आणि न विचारता दुसऱ्या दिवशीही बोलला. बायको जिना चढू लागली की तो विचारी, "कुठे चाललीस?" आणि ती उतरली की विचारी, "काय झालं?" लॉर्ना शांत बाई. तिने थोडे दिवस ऐकून घेतलं आणि ईस्टरच्या तोंडावर त्याला एक छानपैकी सायकल भेट दिली. "तब्येतीला बरी," एवढंच ती म्हणाली. कुणाच्या तब्येतीला, हे तिने सांगितलं नाही आणि मर्विनने विचारलं नाही.

दुसरा एखादा असता तर सायकलवर बसला असता आणि चार पॅडल मारून घरी आला असता. मर्विनने मंडळ स्थापन केलं. दर रविवारी सकाळी चर्चच्या फाटकापाशी जमायचं, नदीकाठच्या सपाट रस्त्याने एक फेरी मारायची आणि दुपारचं जेवण ओव्हनमध्ये करपायच्या आत घरी यायचं. गावातली पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळी आली, जवळच्या शहरातूनही काही येऊ लागली. सगळ्यांनी अंगाला घट्ट चिकटणारे ते सायकलवाल्यांचे कपडे घेतले. माणसाने आयुष्यभर कोटाखाली जे जे झाकून ठेवलं ते ते त्या कपड्यांत एकदम सार्वजनिक होतं. पण सगळ्यांचंच झाल्यामुळे कोणी कोणाला काही म्हणालं नाही.

मर्विन मंडळाचा कप्तान. तो सगळ्यांच्या मागून येई. जहाजाचा कप्तान सर्वांत शेवटी उतरतो, असं तो सांगे. खरं कारण त्याच्या छातीतून येणाऱ्या आवाजावरून ऐकणाऱ्याला आपोआप समजे. पण त्यामुळे पंचाईत अशी व्हायची की पुढची मंडळी फोर अ‍ॅशेसच्या चौफुलीवर येऊन थांबत. तिथे फोनला रेंज नाही. डावीकडे की उजवीकडे यावर वाद होई, आणि कप्तान धापा टाकत पोचेपर्यंत निम्मं मंडळ कोणाच्या तरी डुकरांच्या गोठ्यात शिरलेलं असे. म्हणून मर्विनने ठरवलं, चौफुलीवर एक बाण लावायचा. एक साधा, लाकडी, पिवळा बाण. डावीकडे तोंड केलेला. बस.

जिल्ह्याच्या रस्ते खात्याला त्याने फोन केला. रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर काही लावायचं तर ती पट्टी कोणाची हे आधी ठरावं लागेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. ती खात्याची नव्हती, याबद्दल मात्र त्यांना खात्री होती. ती पंचायतीची असेल. पंचायतीच्या अध्यक्ष ऑड्री लिडियट यांनी नकाशा पाहून पट्टी चर्चची असल्याचा निर्णय दिला. चर्चच्या बाई धर्मगुरू म्हणाल्या की वरच्या कार्यालयाला विचारावं लागेल, आणि वरचं कार्यालय सध्या घंटेच्या दोरीच्या प्रश्नात गुंतलं आहे. इतकीशी गवताची पट्टी, जिच्यावर एरवी बकरीनेही हक्क सांगितला नसता, तिच्यापायी मर्विन तीन कचेऱ्यांच्या ओळखीचा झाला. शेवटी पट्टीमागच्या शेताचं फाटक इव्हान प्रॉबर्टचं आहे, फाटकाच्या खांबावर लावायला कोणाच्या बापाची परवानगी नको, असं कोणीतरी सुचवलं. फक्त प्रॉबर्टची हवी.

प्रॉबर्ट मेंढरं पाळणारा, मोजकं बोलणारा शेतकरी. त्याने ट्रॅक्टरवर बसल्याबसल्याच सगळं ऐकून घेतलं आणि एक अट घातली. त्याच्या मेंढ्या गाभण होत्या. चौफुलीवर सायकलवाल्यांनी एकमेकांना मोठमोठ्याने शुभप्रभात करू नये. मर्विनने हे मंडळाला कळवलं. त्यानंतर कितीतरी रविवार ती मंडळी त्या फाटकासमोरून तोंडावर बोट ठेवून, प्रेतयात्रेसारखी गेली.

बाण बसवायच्या दिवशी शेजारचे डेस्मंड क्विल बघायला आले. हे निवृत्त दंतवैद्य. माणसाचं तोंड उघडं असताना त्याला उत्तर देता येत नाही आणि त्या वेळात आपण हवं ते बोलू शकतो, ही सवय त्यांना धंद्यातून जडलेली. त्यांनी सांगितलं की बाण चार खिळ्यांनी ठोकला तर पावसाळी हवेत लाकूड फुगून फुटेल. हिरडीप्रमाणे लाकडालाही थोडं हलू द्यावं. मधोमध एकच बोल्ट मारावा. मर्विनने एकच बोल्ट मारला. मग त्याने सगळ्यांना संदेश पाठवला की इथून पुढे चौफुलीवर वाद नको, बाण सांगेल तो रस्ता.

एक रविवार सुखाचा गेला.

दुसऱ्या रविवारी मर्विन नेहमीप्रमाणे शेवटी चौफुलीवर आला, तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं आणि बाणाचं तोंड उजवीकडे होतं. उजवीकडे म्हणजे क्रॅकनेल बँक. तिकडे चढाला बँक म्हणतात, आणि ते नाव अगदीच गैर नाही. वर जाताना आपण तिथे जो दम ठेवतो त्याचं व्याज तर सोडाच, मुद्दलही परत मिळत नाही. चढ संपला की उतार, पुन्हा चढ, मग तीन गावं, एक ओढा, आणि घरी यायला चहाची वेळ. जादाच्या ट्यूब आणि हवेचा पंप कप्तानाजवळ. मंडळाला वाऱ्यावर कसं सोडणार? तो थोडं चालवत, थोडं ढकलत, शेवटी सायकलच्या आधाराने नुसता लोंबकळत वर पोचला. वर सगळं मंडळ गवतावर बसून खालची हिरवी शेतं बघत होतं. त्याला पाहताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय रस्ता निवडलास, म्हणाले, आम्ही इतकी वर्षं इथे राहतो पण हे बघितलंच नव्हतं.

आता अशा वेळी खरं सांगायला माणूस वेगळ्या मातीचा लागतो. मर्विनला आधी तर श्वासच नव्हता, आणि श्वास आला तेव्हा तो म्हणाला, "म्हटलं, तुम्हाला जरा चकित करावं."

हेच त्याला भोवलं. बाण पुढच्या रविवारीही उजवीकडे. आता तक्रार करावी तर कोणाकडे? रस्ता तर कप्तानाचाच. तो शनिवारी जाऊन बाण डावीकडे वळवून येई, बोल्ट पान्याने करकचून आवळे, आणि रविवारी बाण पुन्हा उजवीकडे. संध्याकाळी तो पाय धरून घरी येई. लॉर्ना गरम पाण्याची पिशवी देई, फळांचा केक कापून देई, आणि आठवडाभर कशी कोण जाणे मोठ्या गोडीत असे.

मग पाऊस लागला. पलीकडच्या ओढ्याला पाणी चढलं आणि मंडळाबरोबर आलेल्या बाई धर्मगुरू सायकलसकट त्यात बसल्या. पडल्या असंही म्हणता आलं असतं, पण पाहणारे बसल्या असंच म्हणतात. त्यांचा पाय मुरगळला, त्या रविवारच्या संध्याकाळची प्रार्थना राहिली, आणि गावात लोक विचारू लागले की हा रस्ता काढला कोणी.

आता मात्र मर्विनला रस्ता नकोसा झाला. पंचायतीच्या बैठकीत, कुत्र्यांच्या घाणीचा विषय आटोपल्यावर, तो उभा राहिला. हा रस्ता आपला नाहीच, असं त्याने जाहीर केलं. बाण कोणीतरी मुद्दाम फिरवतं. कोण, हे तो सांगणार नव्हता. पण ज्याला माणसांच्या हातापायांपेक्षा स्वतःच्या मेंढ्यांची झोप प्यारी आहे, आणि ज्याच्या खांबावर बाण आहे, त्याने आपल्या मनाला विचारावं. सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. प्रॉबर्ट उठला. टोपी डोक्यावर ठेवली. "यंदाच्या जत्रेला दुसरं शेत बघा," असं म्हणाला आणि दार हलकेच लावून गेला.

विस्टनबरीची उन्हाळ्यातली जत्रा प्रॉबर्टच्याच शेतात भरायची. गावात तेवढंच एक सपाट शेत होतं. तंबू सांगून ठेवले होते, बँडवाले ठरले होते, बायकांनी केकच्या स्पर्धेसाठी एकमेकींशी बोलणंही बंद केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मर्विनला गाव कळलं. दुकानात त्याला बघून चाललेलं बोलणं थांबे. पबमध्ये त्याची नेहमीची खुर्ची कोणीतरी कोट ठेवून अडवलेली असे. क्विल मात्र रोज कुंपणापाशी येऊन सांगत की सुरुवातीलाच चार खिळे मारायला हवे होते. ऑड्री लिडियट यांनी घरी येऊन स्वच्छ सांगितलं: रविवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर सगळ्यांसमोर माफी मागा. "आणि यातलं काहीच जमत नसेल," त्या दारातून वळून म्हणाल्या, "तर एक सपाट शेत शोधून द्या."

त्या आठवड्यात मर्विन घरात नुसत्या येरझारा घालत होता. बसला की उठे, उठला की खिडकीशी जाई. लॉर्नाने दोनदा विचारलं, काय होतंय? त्याने सांगितलं, काही नाही, आणि जॅमच्या बरण्या पुन्हा एकदा ओळीने लावल्या. तो आपला अपमान गिळत होता, आणि अपमान ही काही एका घोटात गिळायची वस्तू नाही. तिकडे लॉर्ना बरण्यांकडे बघत होती.

रविवारी सकाळी टायर तपासायला लवकर जातो असं सांगून तो निघाला आणि थेट फोर अ‍ॅशेसच्या चौफुलीवर आला. बाण डावीकडे होता. सायकल कुंपणामागे आडवी टाकून तो झुडपात शिरला. हात लागला की आग करणाऱ्या नेटलची तिथे चांगली दाट वाढ होती, आणि सायकलवाल्यांचे ते कपडे वाऱ्याला अडवतात, नेटलला नाही. त्याने थर्मासातला चहा ओतला तर कपात आधीच एक गोगलगाय येऊन बसलेली. तरी तो हलला नाही. न्यायासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि गोगलगाय बाजूला काढून ठेवली.

थोड्या वेळाने ट्रॅक्टर आला. प्रॉबर्ट उतरला, फाटक उघडलं, बाणाकडे क्षणभर बघितलं आणि मेंढ्यांत निघून गेला. बाणाला त्याने बोटही लावलं नाही. मर्विनला इतकं वाईट वाटलं की जणू गुन्हा न करून प्रॉबर्टने त्याच्यावरच अन्याय केला.

मग एक छोटी लाल गाडी येऊन थांबली. घरच्या झग्यावर कोट आणि पायात चिखलाचे बूट घातलेली एक बाई उतरली. ती लॉर्ना होती.

मर्विनच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की आपण सँडविचचा डबा विसरलो आणि बिचारी तो घेऊन आली. त्याला भरून आलं. तो हाक मारणार, तोच ती खांबापाशी गेली आणि तिने बाणाला दोन्ही हात लावले. बोल्ट आवळलेला होता, म्हणून तिला बरंच वाकून जोर करावा लागला. बाण कुरकुरत फिरला आणि उजवीकडे तोंड करून थांबला. त्यावर पाखराने घाण केली होती, ती तिने रुमालाने पुसली. एक पाऊल मागे येऊन, भिंतीवरचं चित्र सरळ लागलंय ना हे बघावं तसं बघितलं. आणि हे सगळं करताना ती गुणगुणत होती.

गाडी गेली तरी मर्विन झुडपातच होता. नेटलची आग आता त्याला कळत नव्हती. बायको कट करते, याचा त्याला धक्का बसलाच; पण ती गुणगुणते, हे त्याला जास्त लागलं. पूर्वी ती घरात गुणगुणायची. कधी बंद झालं ते तो आठवू लागला, आणि त्याला ते आठवलं. त्याच्या निरोपसमारंभात भेट मिळालेलं घड्याळ घरी आलं, त्याच आठवड्यात.

मंडळ आलं. बाण बघून खुशीत, तोंडावर बोट ठेवून, उजवीकडे वळलं आणि चढाला लागलं. बाहेर उडी मारून त्यांना थांबवणं आता अगदी सोपं होतं. मर्विन बसून राहिला.

मग तो उठला आणि सायकल ढकलत शेतात गेला. प्रॉबर्ट एका कोकराचा पाय बघत होता.

"माफी मागायला आलोय," मर्विन म्हणाला.

"कळलं म्हणायचं तुम्हाला," प्रॉबर्टने वर न बघता म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"फाटक माझंच आहे की. दर रविवारी येतात बाई. मला बघून हात हलवतात."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं का नाही?"

प्रॉबर्टने कोकराला सोडलं. "झुंजणारे दोन मेंढे आणि नवराबायको, यांच्या मधे उभं राहायचं नाही, असं आमचा बाप सांगायचा," तो म्हणाला. "आणि एका बाईला रविवारची दुपार हवी होती. त्यात माझं काय जात होतं?"

मर्विनने नाक पुसलं. ऑड्रीबाईंना आपण सांगणार आहोत की बोल्ट सैल होता, बाण वाऱ्याने फिरला, चूक आपलीच, असं तो म्हणाला.

"वारा काय फक्त रविवारचा सुटतो?" प्रॉबर्टने विचारलं.

"आमच्याकडे, हो."

प्रॉबर्ट पहिल्यांदाच हसला, म्हणजे त्याची टोपी जराशी हलली. शेत देतो म्हणाला. फक्त जत्रेत ओल्या स्पंजाचा खेळ असतो, फळीच्या भोकातून तोंड काढून उभं राहायचं आणि गावाने स्पंज मारायचे, त्या फळीमागे यंदा कोणी उभं राहायला तयार नाही. मर्विन तयार झाला. एरवी त्याने निदान स्पंज किती ओला असावा यावर चर्चा केली असती.

तिथून तो सरळ घरी गेला. रागातच गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. काय काय बोलायचं ते त्याने सायकलवर ठरवलं होतं: विश्वासघात, गावात झालेली शोभा, बाई धर्मगुरूंचा पाय. मागच्या बागेतून शिरून त्याने स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला हात घातला आणि खिडकीतून आत बघितलं.

रेडिओ मोठ्याने लागला होता. लॉर्ना टेबलाशी बसली होती आणि तिचे पाय मर्विनच्या खुर्चीवर होते. जॅमच्या सगळ्या बरण्या खाली काढलेल्या, झाकणं उघडी, आणि ती मनाला येईल त्या बरणीत चमचा घालून टोस्टला लावत होती. किटली काठोकाठ भरून उकळत होती. याखेरीज ती काही करत नव्हती. बाहेर बघत होती, पण त्याला बघत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर असा काही निवांतपणा होता की मर्विनला वाटलं, आपण कोणा परक्या बाईच्या घरात डोकावतोय.

त्याने कडीवरचा हात हळूच काढला, आवाज न करता. बागेतून मागे फिरला आणि पुन्हा चौफुलीवर आला. बाण उजवीकडे होता. तो उजवीकडे वळला.

क्रॅकनेल बँकवर त्या दिवशीही त्याने सायकल बरीचशी ढकललीच. वर पोचेपर्यंत मंडळ कधीच पुढे गेलं होतं. त्याच्यावर पंप घेऊन कोणामागे धावायची पाळी नव्हती. तो गवतावर बसला. चार वेळा मनाने उठला, एकदा टायर दाबून बघितलं, खालच्या नदीकाठी कुठे पाणी गळताना दिसतंय का तेही बघितलं. मग थोडा वेळ नुसता बसला. नुसतं बसणं हे किती कष्टाचं काम आहे, हे कोणी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

चहाच्या वेळेला तो घरी आला, तेव्हा बरण्या तारखेप्रमाणे ओळीत होत्या आणि खुर्ची जागेवर होती. लॉर्नाने केक कापला. त्याच्या हातापायांवरचे लाल फोड बघून ती थबकली.

"उशीर झाला आज," तिने चहा ओतत म्हटलं.

"बाण फिरला होता."

"अगंबाई. कोण करतं हे असलं?"

मर्विनने केकचा तुकडा मोडला. किटलीत पाणी किती आहे, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने केकबरोबर गिळलं.

"पुढच्या रविवारी गाडी काढू नकोस," तो म्हणाला. "जाताजाता मीच फिरवून जाईन."

लॉर्नाचा हात बशीवर थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो केककडे. तिच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली. आता ती रडते की काय, असं वाटून मर्विन खुर्चीतून अर्धा उठला. पण तिने पदार्थ चाखताना विचार करावा तसा थोडा विचार केला, केकचा दुसरा, मोठा तुकडा कापून त्याच्या ताटलीत ठेवला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"बुधवारचंही काही काढता येईल का रे?"